तिसऱ्याला कुंकू नाही

आमच्या ह्यांना जुनी रिव्हॉल्वरं जमवायचा नाद होता. जमवून जमवून किती, तर तीन. लायसन्सवर त्याहून जास्त ठेवायला तेव्हा परवानगीच नव्हती. पण रुबाब असा, जणू घरात तोफखाना आहे. कलकत्त्यात बेहालाच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजला नीट जागा नव्हती, पण लोखंडी कपाट भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं, आणि त्याची किल्ली ह्यांच्या जानव्याला. मी त्या तिघांना सवती म्हणायची. ते हसायचे.

सरकारी कंपनीतल्या बदलीने आम्ही साताऱ्याहून कलकत्त्याला आलो आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. पहिलं रिव्हॉल्वर माझ्या सासऱ्यांचं, वारशाने आलेलं. दुसरं ह्यांनी स्वतः निवडलेलं, लांब नळीचं, हस्तिदंती मुठीचं. तिसऱ्याचं पुढे सांगते.

साधं, आधुनिक रिव्हॉल्वर ह्यांना चालत नसे. दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, मगच चाप दाबून बार निघतो, असलंच जुन्या धाटणीचं हवं. बघायला जायचे ते मुलगी बघायला गेल्यासारखे. आधी कान. घोडा सावकाश मागे ओढायचा आणि चार टिचक्या ऐकायच्या. एखादी दबकी आली की नकार. मग बोट. गोळ्यांचं चक्र ढिलं हलतंय का, नळीच्या तोंडाशी झीज आहे का. डोळे सगळ्यात शेवटी. "चकचकीत दिसलं की समजायचं, कोणीतरी घासून वाटोळं केलंय," म्हणायचे. चापाखालच्या पट्टीवरचे आकडे सांगाड्यावरच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत, मुठीचा एक स्क्रूसुद्धा नंतरचा नको. कुणी मुठीला वॉर्निश लावलेलं दिसलं, की घरी येऊन जेवायचे नाहीत. मला यातलं काही शिकायचं नव्हतं, पण रोज कानावर पडलं की पाठ होतंच. त्यांच्यासमोर मी कधी कबूल केलं नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा. बाहेर दुर्गापूजेच्या मांडवात ढाकाचे ढोल घुमत असायचे आणि आमच्या बैठकीत पाट, लाल वस्त्र, झेंडूची फुलं. हे रिव्हॉल्वरं रिकामी करून, घोडे मागे ओढून मांडायचे. मी करंगळीने प्रत्येकाच्या घोड्याच्या टोकाला हळद-कुंकू लावायची, की लगेच ह्यांचं फडकं पुढे. कुंकवाने गंज धरतो म्हणे. "अहो, देवाला लावलेलं पुसतात का कुणी?" यावरून दरवर्षी ठरलेलं भांडण. ते भांडणच आमचा सण होता, आणि मुलगी टाळ्या वाजवायची.

मुलगी एकच. मराठी मोडकंतोडकं बोलायची, भांडायची मात्र शुद्ध बंगालीत.

सहावीत असताना तिला ताप आला. डेंग्यूची साथ होती. तीन-चार दिवस अंग तव्यासारखं तापलेलं, आणि एका सकाळी ताप उतरला. आम्ही देवाला साखर ठेवली. ह्यांना आधीच निरोप आलेला होता, की सियालदह स्टेशनहून तासाभरावर एका जुन्या घरात एक रिव्हॉल्वर विकायला काढलंय, आखूड नळीचं, शिंगाच्या मुठीचं. "नुसतं बघून येतो. संध्याकाळच्या आत परत," म्हणाले. मीही "जा" म्हटलं. ताप उतरतो तेव्हाच धोका असतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी तिचे हातपाय गार पडले. मी तिला एकटीने टॅक्सीत घातलं. बंगाली धड येत नव्हतं, ड्रायव्हरला नुसतं "जल्दी, जल्दी" म्हणत राहिले. हे हॉस्पिटलात पोचले तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आत पांढरी चादर ओढून झाली होती.

इतकंच असतं तर मी गिळलं असतं. शेवटी "जा" मीच म्हटलं होतं. पण पुढे परवान्याचे सगळे कागद पूर्ण करून ह्यांनी ते रिव्हॉल्वर घरी आणलं. तेरावा होऊन फार दिवस झाले नव्हते. मी विचारलं, "तुम्हाला हे बघवतं तरी कसं?" ते म्हणाले, "शब्द दिला होता." बस. एवढंच. रडले नाहीत, तिचं नाव काढलं नाही. दगड तरी पावसात भिजतो, या माणसाला काहीच लागत नाही, असं मी माझ्या बहिणीला फोनवर म्हटलं होतं.

तेव्हापासून खंडेनवमीला मी पहिल्या दोघांना हळद-कुंकू लावायची आणि ताम्हण उचलून निघून जायची. तिसऱ्याला कुंकू नाही. त्याच्याकडे मी मान वळवूनही पाहिलं नाही. ह्यांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच मधोमध, घोडा माझ्या बाजूला करून मांडायचे. मला वाटायचं, मुद्दाम डिवचतात. मनात यायचं, की पाटासकट उचलून गॅलरीतून खाली भिरकावून द्यावं.

मग काही वर्षांपूर्वी कायदा बदलला. तीन चालणार नाहीत, दोनच, एक सोडा. मनात म्हटलं, बरं झालं, ब्याद आपसूक जाईल. आणि ह्यांनी काय सोडलं? हस्तिदंती मुठीचं! ज्याच्या चार टिचक्या ते पाहुण्यांना बोलावून ऐकवायचे, ते दुकानात देऊन आले आणि ती अवदसा घरी ठेवली. त्या दिवशी मी वाट्टेल ते बोलले. "तुम्हाला पोरीपेक्षा तेच प्यारं होतं आणि अजून आहे," असंही बोलले. हे फक्त म्हणाले, "राहू दे ते." त्यानंतर आमच्या घरात बोलणं उरलं ते "पान वाढलंय" आणि "दूध संपलंय" इतकंच. एकाच छपराखाली दोन भाडेकरू राहावेत तसे राहिलो. त्याच अबोल्यात एका सकाळी चहाचा कप हातात असताना ते गेले. मी स्वयंपाकघरातून म्हणत होते, "गार होतोय," आणि उत्तर आलं नाही. उत्तर न येण्याची इतकी सवय झाली होती, की मी लगेच बाहेर आलेही नाही.

लायसन्स माणसाचं असतं, माणूस गेला की संपतं. सासऱ्यांचं रिव्हॉल्वर साताऱ्याच्या पुतण्याने मागून घेतलं. त्याच्याकडे परवाना होता. तिसरं घेऊन मी धरमतल्याजवळच्या त्या जुन्या बंदुकांच्या दुकानात गेले. पोलिसांचे कागद सोबत होते. दुकानदार ह्यांना ओळखायचा, त्याच्या वडिलांपासूनचा संबंध. मी हिंदीत म्हटलं, "हे विकायचं नाही. याचे तुकडे करायचे. शक्य असेल तर माझ्यासमोर."

त्याने ते हातात घेतलं, रिकामं आहे ना पाहायला घोडा मागे ओढला. एक, दोन, तीन, चार. चारही टिचक्या स्वच्छ. मी नको म्हणत असताना माझे कान मोजत होते.

"बौदी, तुकडे कशाला?" तो म्हणाला. वहिनीला इथे बौदी म्हणतात. "हे कधीचंच मेलेलं आहे."

मला कळेना. त्याने घोडा माझ्याकडे वळवून दाखवला. काडतुसावर आपटणारं टोक तिथे असायला हवं. नव्हतं. घासून सपाट केलेलं. कधी केलं, मी विचारलं.

"घरी नेल्यावर आठवड्याभरात इथे घेऊन आले होते. बाबांनी हात जोडले, म्हणाले, दादा, अशी चीज कुणी बिघडवतं का, कवडीची किंमत राहणार नाही. तर म्हणाले, तुम्ही नाही केलंत तर मी घरी कानस घेऊन बसेन. बाबांनी कारण विचारलं. सांगितलं नाही. काम होईपर्यंत इथेच उभे होते, त्या खांबाला धरून."

मुठीला वॉर्निश दिसलं तर न जेवणारा माणूस. त्याने आपण होऊन एक जातिवंत रिव्हॉल्वर मारून टाकलं, आणि पुढे ते मेलेलं ठेवण्यासाठी जिवंत, सगळ्यात लाडकं देऊन टाकलं. का, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. दिलेला शब्द मोडता येत नव्हता आणि ते वापरात राहिलेलंही सोसवत नव्हतं, असं असेल. किंवा रोज डोळ्यांसमोर हवं असेल, स्वतःला विसरू न देण्यासाठी. मला एवढं कळतं, की दर खंडेनवमीला ते घोडा माझ्याकडे करून मांडायचे. त्या टोकाला एकदा जरी करंगळी लावली असती, तरी मला कळलं असतं.

मी तिथेच त्याच्या काउंटरवर डोकं टेकून रडले. मुलगी गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते. राग ह्यांचाच आला, अजूनही येतो. अहो, बोलायचं होतंत ना! दोन शब्द बोलला असतात, तर मीही बोलले असते. दोघं मिळून रडलो असतो. एवढी वर्षं मी तुम्हाला दगड म्हणत राहिले आणि तुम्ही म्हणू दिलंत.

दुकानदाराने पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "तुकडे करायचे का, बौदी?"

"करा," मी म्हटलं. लायसन्स संपलेलं, घरी नेता येणार नव्हतंच. पण त्याच्या गल्ल्यामागे गणपती होता, पुढे शेंदराची डबी. ती मागून घेतली. करंगळी बुडवून घोड्याच्या त्या घासलेल्या जागी शेंदूर लावला. विधवेने लावावा का, दुकानदार काय म्हणेल, काही मनात आलं नाही. लावला आणि सवयीने थांबले.

फडकं घेऊन पुसायला कोणी पुढे आलं नाही.