दुःखातला पहिला मान

प्रत्येक गल्लीत एक पैलवान असतो, एक कंजूष असतो आणि एक दुखियारी असते. जळगाव स्टेशनाकडून बाजाराकडे येणाऱ्या त्या गल्लीत पैलवान बदलले, कंजूषही बदलले. पण दुखियारीची गादी अठरा वर्षं धुरपदाबाईकडेच होती. आणि ती सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

हकीगत तशी लहानशी. नवरा सुरतेला गिरणीत म्हणून गेला तो गेलाच. दिरानं दोंडाईचाच्या घरातून एका लुगड्यानिशी बाहेर काढलं. यावलच्या भावानं जेवू घातलं, भावजयीनं परतीचा रस्ता दाखवला. उरली जळगावची धर्मशाळा. एवढंच. पण ते सांगावं धुरपदाअक्कानंच! ‘एका लुगड्यानिशी’ म्हटलं की ती थांबायची, पदर तोंडाशी न्यायची, आणि समोरच्या घरातली कुंदाबाई तांदूळ निवडता निवडता नेमकी तिथंच नाक ओढायची. शंभरदा ऐकलेलं, तरी ओढायचीच. गल्लीत काही गोडाधोडाचं झालं की पहिलं ताट अक्काकडे. बारसं असो, सत्यनारायण असो, ‘आधी अक्काला विचारा गं, बिचारीला कोण आहे?’ हे वाक्य ठरलेलं. त्या ‘बिचारी’वर अक्का पाटलिणीच्या तोऱ्यात जगत होती.

आता धर्मशाळेचा नियम असा, की मुसाफिरानं तीन रात्री राहावं आणि चालू लागावं. मग अठरा वर्षं कशी काय? तर तिथला राखणदार भिकन आणि अक्का यांनी मिळून एक तोड काढली होती. चौथ्या दिवशी सकाळी अक्का गाठोडं काखोटीला मारून दाराबाहेर पडायची. समोरच्या कडुनिंबाला एक वळसा घालून परत दारात उभी.

“भिकनभाऊ, मुक्कामले जागा शे का?”

“कुठून आलात बाई?” भिकन एकदम परक्या आवाजात.

“दोंडाईचाथून, भाऊ.”

“या. तीन रात्री बरं का. नियम आहे.”

गाठोड्यात असायची एक गोधडी. बाकीचा संसार, चूल, पाटा, लोणच्याची बरणी, सगळं आत खोलीतच. धर्मशाळा ज्यांनी बांधली त्या थोरल्या शेटजींनी एकदा हा वळसा डोळ्यांनी पाहिला होता आणि हसून हसून त्यांना ठसका लागला होता. तेव्हापासून ती रीतच होऊन बसली.

असं बरं चाललं असताना अठ्ठेचाळीस साली सिंधी आले.

कल्याणच्या छावणीतून काही कुटुंबं जळगावला पाठवली, त्यातली पाच धर्मशाळेत उतरली. थोरल्या शेटजींचे चिरंजीव मगनशेट यांनी त्या दिवशी हार घातले, भाषण केलं, ‘हे घर तुमचंच’ असंही म्हणाले. अक्काच्या भिंतीपलीकडच्या खोलीत आली जेठीबाई. शिकारपूरची. गोरी, उंच, डोक्यावरची ओढणी कधी ढळू न देणारी. बरोबर म्हातारा सासरा, दोन मुली. नवरा खूबचंद खेडोपाडीच्या बाजारात कापडाचे तुकडे विकायला हिंडायचा.

पहिल्या दिवशी अक्कानंच त्यांना चूल पेटवून दिली. मनाची वाईट नव्हती ती. पण संध्याकाळी गल्लीतल्या बायका आल्या आणि अक्काच्या दारावरून तडक पुढे, जेठीबाईच्या दाराशी जाऊन बसल्या.

“काय काय सोसलं असेल हो बिचारीनं!” कुंदाबाई म्हणाली.

बिचारी! अक्काच्या हातातलं पातेलं खाली पडलं. अठरा वर्षांत तो शब्द त्या भिंतीपलीकडे गेला नव्हता.

खरी आग पुढे लागली. जेठीबाई आपलं काही सांगेचना. विचारलं की नुसती मान हलवायची, पोरीच्या वेण्या घालायची. झालं! तिनं सांगितलं नाही म्हणून बायकांनी आपापल्या परीनं रचलं. ताईबाईच्या मते तिची तीन मजली हवेली जळाली. कुंदाबाईच्या मते हवेली पाच मजली होती आणि दारात उंट होते. अक्का भिंतीला कान लावून ऐकायची आणि जळायची.

“बोलत बी नही, रडत बी नही. हाई कसं दुख व माय?” ती भिकनजवळ फणफणली. “मी आठरा वरीस सांगी ऱ्हायनू, घसा सुकना मना!”

मग तिनं आपली हकीगत दुरुस्त करायला घेतली. पुढच्या खेपेला दोंडाईचाहून निघताना तिला पूर लागला. त्याच्या पुढच्या खेपेला यावलच्या रस्त्यात सातपुड्यातला वाघ आडवा आला.

“अक्का,” ताईबाई म्हणाली, “वाघ आधी नव्हता.”

“आधी तुमी इचारं कोठे?”

“मग वाघानं काय केलं?”

“मनाकडे पाहिनं आन त्याले बी दया उनी!”

बायका हसल्या. दुखियारीच्या कहाणीला लोक हसले की तिची पुंजीच बुडाली म्हणायची. अक्का रात्रभर कूस बदलत राहिली.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात आखाजीला दिवाळीहून जास्त थाट. कुंदाबाईच्या घरी खापरावरचे मांडे, आमरस, सगळं. अक्का न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, चेहऱ्यावर बेताचं दुःख आणून उंबऱ्यात बसली. कुंदाबाई ताट घेऊन रस्ता ओलांडून आली. अक्कानं हात पुढे केले.

“थांबा हां अक्का, तुमचं आणतेच मागून,” असं म्हणत ताट पुढे गेलं. वासही बरोबर घेऊन गेलं.

अक्काचं ताट आलं, पण दुसरं आलं. मांडेही तितकेच, रसही तितकाच. पण ते तिला गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी ती मगनशेटच्या डाळमिलवर जाऊन उभी राहिली. “शेटजी, धर्मशाळाना नियम बठ्ठास्ले एकच शे का नही?”

मगनशेटची भाषणाची हौस एव्हाना फिटली होती. लगीनसराई तोंडावर होती, नात्यातली वऱ्हाडं उतरवायला खोल्या पाहिजे होत्या. देशोधडीला लागलेल्यांना आपण बाहेर काढलं असं मात्र कुणी म्हणायला नको होतं. तेवढ्यात हे निमित्त स्वतःच्या पायांनी चालत आलं.

“सगळ्यांना एकच आहे,” ते म्हणाले. “तीन रात्री. लोक तक्रार करायला लागले म्हणजे आमचाही नाइलाज. सोमवारी त्यांना खोल्या सोडायला सांगतो.”

“आन मी?”

“तुमची गोष्ट वेगळी, धुरपदाबाई. तुम्ही आपल्या.”

आपल्या! अक्का तरंगत घरी आली. निरोप भिकननं पाचही खोल्यांत सांगितला आणि अक्कानं भिंतीला कान लावला. आता गल्ली आपली, ताट आपलं, बिचारीही आपणच.

पण तिचा हिशेब चुकला. निरोप पोचल्यावर तासाभरात सगळी गल्ली जेठीबाईच्या दारात. कुंदाबाई तर हुंदके देत होती. “एकदा तिकडून निघाली, आता इथून काढतात! दोनदा गं, दोनदा!” कुणी दूध आणलं, कुणी पोरींना परकराचं कापड.

अक्कानं पुन्हा हिशेब मांडला. एकदा घर गेलं तर बायका पहिलं ताट देतात. दुसऱ्यांदा गेलं तर ही बाई निघून गेल्यावरही तिच्या नावानं गल्ली वर्षभर उसासे टाकणार! आणि आपल्याला तर दिरानं फक्त एकदाच काढलेलं. हिच्यापुढे आपण कुठे पुरणार? नाही, हिला इथून जाऊ देऊन चालणार नाही.

एवढं ठरवूनच ती जेठीबाईच्या दारात गेली. आत जेठीबाई गाठोडं बांधत होती. कुणी न सांगता हात चालत होते. तळाशी भांडी, मग मुलींचे कपडे, मधे देवाची तसबीर चादरीत गुंडाळून, वर सासऱ्याची औषधाची बाटली, ती उभी राहील अशी. धाकटी पोर विचारत होती, आता कुठे? म्हातारा भिंतीकडे पाहत होता. जेठीबाईनं गाठ ओढली, दातानं घट्ट केली, दुसऱ्या गाठोड्याला हात घातला.

अक्का पाहतच राहिली. असली गाठ तिनं एकदाच बांधली होती, दोंडाईचात, अंधारात चाचपडत, त्या एका लुगड्याची. पुढे अठरा वर्षं तिनं जे बांधलं ते नाटकातलं गाठोडं, एका गोधडीचं. या बाईचं अजून खरंच होतं. आणि डाळमिलवर जाऊन ते तिला बांधायला लावलं होतं अक्कानंच.

“सोड ती गाठ,” अक्का खेकसली. “इतलं जड नही उचलतस. एक गोधडी बस शे. ऊठ, तुले दाखाडस.”

सोमवारी सकाळी मगनशेट मुनिमाला घेऊन आले. गल्ली दारांत उभी होतीच. धर्मशाळेतून पाच कुटुंबं ओळीनं बाहेर पडली, प्रत्येकाच्या काखेत एकेक चपटं गाठोडं, आणि सगळ्यांच्या पुढे धुरपदाअक्का. पुढे मीच, हे तिनं आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. मंडळींनी कडुनिंबाला वळसा घातला. म्हातारा सासरा जरा मागे पडला, त्याच्यासाठी ओळ थांबली. मग सगळे दाराशी परत.

“भिकनभाऊ, मुक्कामले जागा शे का?”

भिकननं शेटजींकडे पाहिलं, मग अक्काकडे. “कुठून आलात बाई?”

“दोंडाईचाथून.”

“या. पुढच्या बाई?”

“शिकारपूर,” जेठीबाई म्हणाली. एवढा एकच शब्द, पण गल्लीनं तिचा इतका स्पष्ट आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“हा काय तमाशा?” मगनशेट कडाडले. “धुरपदाबाई, तुम्हाला मी राहा म्हटलं होतं ना? तुमची गोष्ट वेगळी आहे!”

कालपरवापर्यंत जे ऐकायला तिचे कान आसुसले होते तेच वाक्य. अक्का वळली.

“कशी वेगळी, शेटजी? माले दीरनी काढं, हिले मुलूखनी. दार तर दोन्हीस्ले एकच लागस. तुमना बापनी माले नवी मुसाफिर मानं, तुमी हिले माना. नही तं मनं गाठोडं बी बाहेर टाका, आन गल्लीले सांगा, नियम बठ्ठास्ले एकच शे.”

कुंदाबाई फिसकन हसली, मग ताईबाई, मग अख्खी गल्ली. मगनशेटना वडिलांच्या नावाची एक रीत भर रस्त्यात मोडायची हिंमत होईना. मुनिमाकडे पाहत ते म्हणाले, “तीन रात्री. चौथ्या दिवशी पुन्हा बाहेर पडायचं. सगळ्यांनी.” आणि निघून गेले.

त्या दुपारी जेठीबाई आपणहून अक्काच्या ओट्यावर येऊन बसली. तुटक्या हिंदीत, मधे मधे सिंधीत, तिनं सांगायला सुरुवात केली. समोरून कुंदाबाईला दिसत होतं ते इतकंच, की जेठीबाई बोलतेय आणि अक्का गप्प आहे. अक्का, आणि गप्प! ऊन ओट्यावरून उतरलं तरी दोघी तशाच. एकदा अक्कानं पदर तोंडाशी नेला, पण नेहमीसारखा नव्हे. कुणी बघतंय की नाही हे न पाहता.

जेठीबाई आत गेल्याबरोबर बायका धावल्या. “काय सांगितलं हो अक्का? हवेली होती ना? तिचं कोण मागे राहिलं? सांगा ना!”

“काही नही,” अक्का म्हणाली. “साधंच शे.”

“मग एवढा वेळ?”

“तिले बोलाले येत नही, म्हनीसन येळ लागना. जा, भाकरी करा.”

पुढे महिने गेले. बायकांनी लाडीगोडी केली, चिवडा आणला, रुसवे धरले. अक्कानं चिवडा खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. स्वतःची हकीगतही तिनं त्या उन्हाळ्यात कुणाला ऐकवली नाही. जेठीबाईनंही आपली पुन्हा कुणाला सांगितली नाही. सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक असलेल्या त्या गल्लीला तेवढं एक मात्र कळलंच नाही. कुंदाबाई म्हणते, “जळते मेली. तिचं दुःख आपल्यापेक्षा मोठं निघालं, म्हणून सांगत नाही.”

अक्काच्या कानावर हे येतं. ती नाही म्हणत नाही.