पुरुषांच्या रांगेतली थेल्मा

थेल्मा पॉथेकरी एकतीस वर्षं पुरुषांच्या रांगेत नाचली. तिला एकदाच, फक्त एकदा, बायकांच्या रांगेत नाचायचं होतं. ही गोष्ट एवढीच आहे. ती दुसऱ्या कुणी लिहिली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी तिच्यासमोर मी उभा होतो.

इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या गावात दर जूनमध्ये बाईंच्या नावाने नाच होतो. बाई म्हणजे आमच्या लेखिकाबाई. कोपऱ्यावरच्या विटांच्या घरात बसून त्यांनी पुस्तकं लिहिली. त्यांना जाऊन दोनशे वर्षं होऊन गेली, तरी लीड्सपासून ओसाकापर्यंतच्या बायका अजून येतात. रिबिनीच्या टोप्या घालून बसमधून उतरतात आणि त्या घराच्या दाराला हळूच हात लावून बघतात. नाचात पुरुषांची एक रांग आणि समोर बायकांची, पण ऐंशी बायका असल्या तर पुरुष पंधरा. बाकीचे नवरे गाडीत बसून शब्दकोडी सोडवतात. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडून गेली आहे. उंच बायकांनी डाव्या दंडावर निळी फीत बांधायची आणि पुरुष व्हायचं.

थेल्मा पाच फूट अकरा इंच. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आई वीस वर्षं अंथरुणाला खिळून होती, त्यामुळे तरुणपणी तिला संध्याकाळ अशी मिळालीच नाही. आई गेली त्या वर्षी, सेहेचाळिसाव्या वर्षी, ती पहिल्यांदा तालमीला आली. नाच बसवणाऱ्या मिसेस क्रिचली तेव्हा नव्या होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी तिला खालून वर पाहिलं.

"अगं बाई, तू तर देवाने पाठवलीस. यंदापुरती पुरुष हो."

"यंदापुरती ना?" थेल्माने विचारलं.

"यंदापुरतीच."

मी स्टेजच्या कोपऱ्यात बसून व्हायोलिन वाजवायचो. एरवी टपाल वाटायचो, उन्हाळ्यात हे. तिथून दोन्ही रांगा सरळ दिसतात. थेल्माइतका नेटका पुरुष मी दुसरा पाहिला नाही. वडिलांचा जुना वेस्टकोट आणि काळी तुमान घालून ती उभी राहिली की बायका तिच्यासाठी नंबर लावायच्या. तिच्या हातात हात दिला की ज्यांना काही येत नव्हतं त्यांचेही पाय चालायला लागायचे. ओहायोची एक बाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "मला असा नवरा हवा होता!"

"घेऊन जा की मग," थेल्मा म्हणाली. "फक्त स्वयंपाक तीनशे पोरांचा येतो. दोघांपुरता जमत नाही."

सगळा हॉल हसला. तीही हसली. मग नवीन जोडीदारीण आली, आणि थेल्माने पुन्हा कमरेत वाकून तिला हात दिला.

बाईंची सहाही पुस्तकं ती दरवर्षी वाचायची. नोव्हेंबरात पहिलं, एप्रिलात शेवटचं, मे महिन्यात तालमी. एकदा टपाल द्यायला गेलो होतो तेव्हा मी विचारलं, "तेच तेच वाचून कंटाळा नाही येत?"

"येत नाही," ती म्हणाली. "बघ ना, त्यात कुणाचा खून होत नाही, लढाई नाही. एक माणूस एका बाईला नाचायला विचारतो की नाही, एवढ्यावर पन्नास पानं. आणि मला ठाऊक असतं तो विचारणार आहे, तरी माझा श्वास अडकतो."

"आणि बाईंना स्वतःला कुणी विचारलं?"

"त्या वेगळ्या. त्यांनी पुस्तकातल्या सगळ्या पोरी उजवल्या आणि स्वतः लिहीत बसल्या. मला कुठे लिहिता येतं?"

हे तिने हसत हसत सांगितलं. मी पत्रं दिली आणि निघालो. त्या क्षणी मला काहीतरी म्हणता आलं असतं. पण व्हायोलिनवाल्याने नाचायचं नसतं, आणि आम्हा तिघा वादकांत व्हायोलिन वाजवणारा मी एकटाच. हे कारण खरं होतं. ते मला फार सोयीचंही होतं.

मग माझ्या मनगटाने संप पुकारला. बोटं वळेनात. कमिटीने सॉल्सबरीहून वादक मंडळी ठरवली आणि मला आभाराचं कार्ड दिलं. त्याच आठवड्यात दुकानात थेल्मा भेटली.

"मग आता तू काय करणार विल्फ? खुर्च्या मांडणार?"

"नाचेन म्हणतो," मी म्हणालो. "तुझ्याबरोबर. म्हणजे तू बायकांच्या रांगेत. तुला चालणार असेल तर."

ती बघतच राहिली. "चेष्टा करू नकोस. माझ्या हातात अंडी आहेत."

"चेष्टा नाही."

तिने अंडी आधी काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "बरं." काउंटरमागची पोरगी आमच्याकडे पाहत होती, म्हणून आम्ही दोघंही लगेच हवामानाबद्दल बोलायला लागलो.

तिने नाचासाठी बाईंच्या काळातल्यासारखा झगा शिवला. करड्या हिरव्या रंगाचा, उंच कमरेचा, मनगटापर्यंत बाह्यांचा. सत्त्याहत्तराव्या वर्षी पहिला. गावात सगळ्यांना कळलं. खाटीक मला म्हणाला, "काय नवरदेव!" मी दोन आठवडे त्याच्या दुकानात गेलो नाही.

तालमीत मात्र तिला बायकांच्या रांगेत उभं राहायला मिळालंच नाही. दर वेळी मिसेस क्रिचली म्हणायच्या, "थेल्मा, आज एकच तालीम हं, नवीन पोरी आल्यात, तुझ्याशिवाय त्यांना कोण सांभाळणार?" आणि ती फीत बांधायची. मी म्हटलं, अगं, नाही म्हण. ती म्हणाली, "जाऊ दे. मला सगळे नाच पाठ आहेत. एकतीस वर्षं समोरून बघतेय, विल्फ. बाईने काय करायचं ते मला नाही कळणार तर कुणाला?"

मलाही ते पटलं. मीही एकतीस वर्षं वरून बघतच होतो.

नाच दुपारी चारला सुरू झाला. थेल्मा झगा घालून आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिने केसांना काहीतरी केलं होतं, काय ते मला सांगता येणार नाही. मी वाकलो, तिने हात दिला. आम्ही रांगेत वरून तिसरी जोडी होतो.

पहिली सोळा पावलं ठीक गेली. ती माझ्याकडे बघून हसली. तेवढं मी नीट पाहिलं.

मग वळणाची जागा आली. तिथे जोडीने रांगेच्या वरच्या, म्हणजे स्टेजकडच्या टोकाकडे तोंड करायचं, आणि दोघांनी एकमेकांपासून बाहेर वळून आपापल्या रांगेमागून खाली जायचं. पुरुष डाव्या खांद्यावरून वळतो, बाई उजव्या. थेल्मा डाव्या खांद्यावरून वळली. सरळ माझ्या अंगावर आली. तिचं कोपर माझ्या चष्म्याला लागलं.

"सॉरी, सॉरी," ती म्हणाली. "पुन्हा."

लोक प्रेमाने हसले. पुढच्या फेरीत ती ओठांत पुटपुटत होती, "उजवा, उजवा, उजवा." सूर आला आणि ती डावीकडे वळली.

तिसऱ्या नाचात चार-चार जणांनी एकमेकांमधून आठच्या आकड्यासारखं जायचं असतं. तिथे ती जिथे जायची तिथे दुसरं कुणीतरी आधीच असायचं. ओसाकाची एक छोटीशी बाई तिच्यावर आपटून खाली बसली आणि उलट तीच माफी मागायला लागली. बारा माणसांची रांग थांबली. सॉल्सबरीची मंडळी दोन ओळी वाजवत राहिली आणि मग तीही थांबली.

मिसेस क्रिचली जवळ आल्या. त्या वाईट बाई नाहीत, हे मला लिहायला हवं. त्यांनी थेल्माच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, खाली दोघी जोडीदाराशिवाय उभ्या आहेत बिचाऱ्या. एवढ्या लांबून आल्यात..."

थेल्माने माझ्याकडे पाहिलं नाही. नव्या झग्याच्या बाहीवर फीत बांधून घेतली आणि खालच्या टोकाला गेली. नाच पुन्हा सुरू झाला. आमची रांग लगेच सुरळीत झाली. ती झगा घालून पुरुषाचा नाच नाचत होती आणि एकही पाऊल चुकत नव्हतं. मला कुणीतरी बायकांपैकी एक जोडीदारीण दिली. मी नाचलो असणार.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, सराव करू. ती लगेच हो म्हणाली. सहा आठवडे दर गुरुवारी आम्ही तिच्या पुढच्या खोलीतला सोफा भिंतीला लावायचो, सहा खुर्च्या मांडायचो, त्या म्हणजे बाकीच्या जोड्या. मी तोंडाने सूर धरायचो. सावकाश म्हटलं की तिला जमायचं. थोडी लय वाढवली की तिचा डावा खांदा आधी निघायचा. एकदा तिने त्या खांद्यावर चापट मारली.

"डोक्याला कळतं रे," ती म्हणाली. "याला कोण समजावणार?"

सातव्या गुरुवारी गेलो तर खुर्च्या जागच्या जागी होत्या आणि टेबलावर चहा मांडलेला.

"पुरे आता, विल्फ."

"पुढच्या जूनला अजून दहा महिने आहेत."

"मी अठ्ठ्याहत्तरची होईन. आणि समज जमलं, तरी मी मोजत मोजत नाचणार. पुस्तकात कुणी मोजत नाही."

मी म्हणालो की मलाही मोजावं लागतं. ती म्हणाली, "तू गोड आहेस. केक घे."

नोव्हेंबरात मी विचारलं, पहिलं पुस्तक काढलंस का. बोलायला दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून. तिने नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं तिची नजर कमी झाली असेल. म्हटलं, मी वाचून दाखवू का?

"नको." तिने टेबलक्लॉथची घडी सारखी केली. "बरं वाटायचं रे वाचायला. वाटायचं, मला फक्त कुणी विचारलं नाही, एवढीच काय ती अडचण. कुणी विचारलं असतं तर मीही तशीच गेले असते, त्या पोरींसारखी." मग म्हणाली, "आता विचारलं ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं ते चुकलं, की तीस वर्षं विचारलं नाही ते चुकलं, हे मला तिला विचारायचं होतं. पण तेही विचारलं नाही.

पुढच्या जूनला ती वेस्टकोट घालून आपल्या जागी उभी राहिली. यंदाही राहिली. झगा तिने शाळेच्या नाटकवाल्यांना देऊन टाकला. मी अजून गुरुवारी जातो. आम्ही पत्ते खेळतो. बहुतेक वेळा तीच जिंकते, आणि सहा वाजता मी घरी येतो.