बोका जेवेना, कांताकाकू जेवेनात

“मॅडम, बोकानी आज बी तोंड फिराई लिधं. आनि आते मम्मी बी जेवाले तयार नही.”

फोनवर पंकज होता. ब्राह्मणपुरी गावात त्याचं किराणा दुकान, दुकानामागे घर. कुटुंब मूळचं राजस्थानचं, जैन. पण पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे बोलणं सगळं अहिराणी.

“मम्मी का जेवत नाहीत?”

“म्हनस, मुका जीवना पोटमा काही नही, मन्हा घास कसा उतरी?”

“शुगरची गोळी?”

“ती सकायले घिदी.”

गोळी घेऊन उपाशी बसणाऱ्या बाईचं काय होतं, ते कळायला माणसांचा डॉक्टर लागत नाही. माझा एक पेशंट होता, आता दोन झाले. मी बॅग उचलली.

मी शहाद्याला जनावरांची डॉक्टर आहे. गाई, म्हशी, बैल हे नेहमीचं काम. अलीकडे मांजरंही येतात, आणि खरं सांगू? म्हैस परवडली. म्हैस लाथ मारते, पण का मारते ते कळतं.

हा बोका, मुन्ना, आधीच्या आठवड्यात माझ्याकडे आला तो लघवी तुंबून. बोक्यांची लघवीची नळी फार बारीक असते. त्यात मांजर पाणी पितं कमी. नुसत्या कोरड्या बिस्किटांवर राहिलं की कधी कधी लघवीत रेतीसारखी कचकच तयार होते आणि बूच बसतं. वेळेत निघालं नाही तर जीव जातो. मी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी घालून ते मोकळं केलं, त्याला क्लिनिकमध्ये ठेवून घेतलं आणि पाऊचमधलं ओलं खाद्य सुरू केलं. रश्शातून पाणी आपोआप पोटात जातं. मुन्नाने माझ्यासमोर ताटली चाटून लख्ख केली होती. घरी नेताना कांताकाकूंनी, म्हणजे पंकजच्या आईने, विचारलं होतं, “त्यामा काय शे?”

“मासे आहेत, काकू. आणि इतके दिवस बिस्किटं देत होतात, त्यात कोंबडी होती.”

पंकज छताकडे पाहायला लागला. म्हणजे याला ठाऊक होतं! काकूंनी मुन्नाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “त्याना जलम मांजरना. त्याना धरम त्याले, मन्हा माले. पन घरमा नही. मांगला ओटावर खाई.”

मला बाई आवडली. माझ्याशी हुज्जत नाही, बोक्यावर सक्ती नाही आणि स्वतःचा नेमही सोडला नाही. ताटली वेगळी, जागा वेगळी, पाऊच फोडायचं पंकजने. मी म्हटलं, उत्तम.

आणि घरी गेल्यावर मुन्नाने त्याच खाद्याला तोंड लावलं नाही.

आधीच्याच फोनवर माझं सगळं विचारून झालं होतं. औषध खाण्यात मिसळता का? नाही. फ्रिजमधलं गार देता का? छे, फ्रिजच्या जवळपाससुद्धा नेत नाही. मग वरून जुन्या बिस्किटाचा चुरा भुरभुरायला सांगितला. मुन्नाने चुऱ्यालाही नाक मुरडलं. शेजारचे सल्ला देत होते, भूक लागली की झक मारत खाईल. कुत्र्याच्या बाबतीत हे खरं आहे. मांजराच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेततो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतावर जमते आणि यकृत बसतं.

“मॅडम, परत बिस्किटंच चालू करी देऊत का?” मी गाडीतून उतरताच पंकजने विचारलं.

“आणि परत तुंबलं तर?”

त्याने मावळतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “दिन बुडाले जास्त येळ नही.”

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कांताकाकू सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. म्हणजे बोक्याने उजेड असेतो खाल्लं नाही, तर काकू थेट सकाळपर्यंत उपाशी. बोक्याला सलाईन लावता येतं, काकूंना मी काय लावणार?

मागचा ओटा आरशासारखा स्वच्छ होता. पंकजने ताटलीत खाद्य काढलं. मुन्ना आला तो शेपटी वर करून, म्हणजे भूक होती. ताटलीपासून वीतभर अंतरावर थबकला, मान मागे घेतली आणि पंजाने भोवतालची फरशी खरवडायला लागला. मांजर घाण झाकताना करतं, तसं.

मी गुडघ्यांवर बसले आणि सरळ ताटलीला नाक लावलं.

“मॅडम, खुर्ची देऊ का?” पंकज ओशाळून म्हणाला.

“खुर्ची नको. काकू, ताटली कशाने धुता?”

“फिनाईल टाकीसन,” काकू उंबऱ्याच्या आतून म्हणाल्या. “ओटा बी. तो खावाना पहिले एकदाव, मंग एकदाव. मच्छीना वास ऱ्हावाले नको ना.”

पोराने खाद्य बिनचूक दिलं होतं. आईने जागा बिनचूक शुद्ध केली होती. आणि मधल्या मधे बोका उपाशी!

“काकू, तो मच्छीवर रुसला नाही, फिनाईलवर रुसलाय. त्याचं नाक आपल्यापेक्षा किती तरी तिखट. आणि फिनाईल मांजराला विषारी असतं. पायाला लागलं, पाय चाटले की पोटात.”

काकूंचा चेहरा उतरला. “व माय! म्हन्जे मीच त्याले इख दिन्हं?”

“त्याने घेतलं कुठे? तुमच्यापेक्षा तो शहाणा निघाला. आता फिनाईल बंद, नुसतं गरम पाणी.”

पण ओट्याचा वास काही लगेच जाणार नव्हता, आणि दिवस कुणासाठी थांबत नाही. दुकानात पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा मी येतानाच पाहिला होता. एक मागवली. सपाट, मिशा कडेला घासत नाहीत, आणि खाऊन झालं की फेकली. धुवायचं कामच नाही. मुन्नाचे पाय ओल्या फडक्याने पुसले. पत्रावळ ओट्यापासून लांब, शेवग्याच्या सावलीत मांडली. नवीन पाऊच गरम पाण्यात बुडवून कोमट केलं. कोमट झालं की वास सुटतो, आणि मांजर आधी नाकाने जेवतं.

“आता सगळे मागे व्हा. आशेने बघत बसू नका, त्याला संशय येतो.”

थेंबभर रस्सा मी त्याच्या पुढच्या पायाला लावला. मुन्नाने माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. पाय चाटला. पत्रावळीला एक फेरी मारली. मावळतीचं ऊन दुकानाच्या पत्र्यावर चढलं होतं. त्याने एकदा जीभ लावली, थांबला, आणि मग जो खाली मान घालून बसला तो वर बघेचना.

उंबऱ्यात काकूंनी नाकाला पदर लावला होता. वासासाठी लावला होता, पण डोळेही त्यानेच पुसत होत्या. मलाही भरून आलं, नाही कशाला म्हणू?

“मम्मी, दिन!” पंकज ओरडला.

काकू धावल्या. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या त्यांनी दोन घास खिचडी खाल्ली, वर पाणी प्यायल्या आणि मगच पाटावर बसून उरलेली संपवली. तोवर पत्र्यावर ऊन होतं. त्यानंतर मुन्नाची लघवी अजून तरी परत तुंबलेली नाही.

आता कोणी फोनवर म्हणालं, “आमचं मांजर फार नखरेल आहे हो,” की मी खाद्याचं नाव नंतर विचारते. आधी विचारते, ताटली कशाने धुता? आणि फोन ठेवण्यापूर्वी विचारते, तुम्ही स्वतः जेवलात का?