तिसराच गिअर का जळतो

लंकाबाईंची एक भाकरी तव्यावर फुगत होती आणि दुसरी परातीत अर्धीच थापलेली होती. तेवढ्यात भरतराव मागच्या दारानं आत आले आणि हातातला गिअर त्यांनी ओट्यावर आदळला.

"बघ. परत तिसराच."

लंकाबाईंचा हात पिठातच थांबला. गिअरचे एका अंगाचे दात मुळापासून गेले होते आणि मधल्या भोकाची आतली कड निळीकाळी पडली होती, जळक्या कढईच्या बुडासारखी.

"आन् स्वराज?"

"खांदा सुजलाय त्याचा. वाकणावर गिअर शाफ्टला चिकटला अन् गाडी गरकन फिरली. टायरांच्या थप्पीवर जाऊन आपटली म्हनून बरं. दोन हात अलीकडं असता, तर दगडात व्हता."

तव्यावरच्या भाकरीचा जळका वास सुटला, तेव्हा भरतरावांनीच गॅस बंद केला.

अवसरी बुद्रुकमध्ये त्यांच्या घरामागेच भरतरावांचं गॅरेज. जन्म गेला तो ट्रॅक्टरांत. पिंपळवंडीचा स्वराज आपली मातीवरच्या शर्यतीची गाडी घेऊन दारात आला, तेव्हा गावातली माणसं नवरी बघायला यावीत तशी ती बघायला आली होती. इंजिन झकास चाललं, पण तिसरा गिअर काही टिकेना. शर्यत झाली की तो जळायचा. बाकीच्या गिअरांना साधा ओरखडा नसायचा.

हे गिअर कापून द्यायचे जुन्नरचे पीरमहंमद. त्यांचा लेथचा कारखाना. दोघांची दोस्ती इतकी जुनी की पीरमहंमद आले की आधी स्वयंपाकघरात डोकवायचे आणि "वहिनी, चहात आलं टाका, न्हाईतर मी चाललो" म्हणायचे. दुसऱ्यांदा गिअर तुटला तेव्हा भरतराव त्यांना चार गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, की तुझ्या लोखंडाला पाणी कच्चं राहतंय, भट्टीतून नीट कडक होऊन येत न्हाई. पीरमहंमदांनी तुटका गिअर उजेडात धरून बघितला होता.

"भरतभाऊ, दात मागनं तुटल्यात. आधी हा आतनं जळलाय. पाणी कच्चं असतं तर दात वाकलं असतं, निळं कशाला पडलं असतं? हितं तेल पोचत न्हाई. शाफ्टचं भोक बघा."

"आता लेथवाला मला तेल शिकवनार व्हय?"

त्यावर पीरमहंमद चहा न पिता उठले होते. उंबऱ्याबाहेर पाय ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, "वहिनी, येतो." त्यानंतर आले नव्हते. हा शेवटचा गिअर त्यांनी माणसाहाती पाठवला होता.

"आज शाफ्टचं भोकबी बघितलं," भरतराव म्हणाले. "पीरमहंमदचं तोंड बंद करायचं म्हनून तार घातली. हे निघालं." त्यांनी चिंधी उलगडली. तिच्यावर मोहरीहून थोडा लांबट, काळा कुळकुळीत कण होता. "शाफ्ट पोकळ असतोय. त्याच्यातनं तेल जातं अन् या भोकातनं तिसऱ्या गिअरला लागतं. हे आडवं बसलं व्हतं. आन् हे आलं कुठनं? त्याच्याच कारखान्यातनं! शाफ्ट साफ करायलाबी त्याच्याकडंच जायचा ना? पालिशची घाण आत ठिवून पाठवतोय आन् वर मलाच शहाणपन शिकवतोय. माणूस मारला असता यानं. स्वराजला सांगतो, नारायणगाव-मंचरच्या समद्या गॅरेजवाल्यांना सांगतो. एकानंबी त्याच्याकडं काम टाकायचं न्हाई!"

खिशातून फोन काढून ते नंबर शोधू लागले.

लंकाबाई चिंधीकडं बघत होत्या. त्यांनी तो कण पिठाच्या हातानंच उचलला आणि नखानं दाबला. काळी साल फुटली. आत पिवळट, कडक, काचेसारखं काहीतरी दिसलं.

त्यांचं माहेर तळेघरचं. भाऊ दरवर्षी जिरेसाळ पाठवतो, जिऱ्याएवढा बारीक तांदूळ. घरात तो शिजत नाही, फक्त देवाला. त्याच्याच हळद लावून अक्षता होतात. आणि भरतरावांची जुनी रीत अशी, की कुठल्याही मशिनचं झाकण लावायच्या आधी हाक मारायची, "लंके, ओवाळायला ये गं." मशिन उघडं असताना ओवाळलं की काम टिकतं, असं त्यांचं म्हणणं. ओवाळून, अक्षता वाहून लंकाबाई म्हणायच्या, "लावा आता झाकण." ट्रॅक्टरच्या त्या दांडग्या गिअरपेटीत मूठभर तांदूळ गेले तरी पीठ होऊन जायचे, कुणाला पत्ता लागायचा नाही. स्वराजच्या गाडीची गिअरपेटीही त्यांनी दर वेळी अशीच ओवाळली होती.

"अवो, फोन ठिवा."

"का?"

"ठिवा म्हनते ना!" त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "ही पालिशची घाण न्हाई. माझी अक्षता हाय."

भरतरावांना आधी कळलंच नाही. मग ते हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी कण हातात घेतला, नाकाशी नेला, पुन्हा बघितला.

"काय बी बोलू नगंस."

लंकाबाई देवघरातून अक्षतांची वाटी घेऊन आल्या. दोघं गॅरेजात गेले. भरतरावांनी शाफ्टच्या पोकळीत एक दाणा सोडला आणि शाफ्ट हलवला. दाणा घरंगळत गेला आणि भोकाशी येऊन बसला, जणू मापानंच केलेला. त्यांनी तेलाच्या कॅननं पिचकारी मारली. भोकातून एक थेंब आला नाही. तारेनं दाणा मागं ढकलला, तसं तेल भळाभळा वाहिलं.

भरतराव खाली टायरवर बसले.

"तुला म्हनलं व्हतं, वरनं वाहा, बाहेरनं वाहा."

"बाहेरनं वाहिलं तर आतल्या चाकांना कसं लागंल? मला वाटलं, जिथं जोर पडतो तिथं देवाचा हात पायजे."

"आन् मी हात धुवायला जायचो," ते म्हणाले. "वरचं तांदूळ फडक्यानं पुसायचो. आत बघितलंच न्हाई कधी."

लंकाबाईंना देवघराकडं बघवेना. ज्या हातानं अक्षता वाहिल्या, त्याच हातानं स्वराजला वाकणावर ढकललं होतं की काय! पोरगं वाचलं, याचं हात जोडून आभार मानावेत तर हातच उचलेनात. आणि ज्या माणसानं खरं सांगितलं, तो या घरातून चहासुद्धा न घेता उठून गेला होता.

"माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या.

"गप. हाक मी मारायचो. आन् चार मानसांत त्याला मीच बोललो." भरतरावांनी पीरमहंमदांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, तर मधेच कट झाला. तिसऱ्यांदा लावायला त्यांचं बोट धजेना.

"त्यो न्हाई उचलनार. मीबी न्हाई उचलला नसता," ते म्हणाले, आणि काय बोललो ते ध्यानात येऊन तोंड पुसत राहिले. "म्हंजे... मी असतो तर मीबी न्हाई उचलला असता."

"फोनवर सांगायची गोष्टच न्हाई ही. तुमी स्वराजकडं जा, त्याला खरं सांगा. त्यांच्याकडं मी जाते. मला बघून दार तरी लावनार न्हाईत."

त्यांनी हात धुतले, धुवट लुगडं नेसलं, तुटका गिअर आणि तो फुटका काळा दाणा चिंधीत बांधून पिशवीत टाकला. मंचरला जाऊन जुन्नरची एसटी धरायची होती आणि पीरमहंमदांच्या कारखान्यात जाऊन माफी मागायची होती.