मर्डिना माणसं मोजत नाही

मर्डिनाला काळजी करायला कारण लागत नसे. ऊन पडलं की आता वारा सुटणार म्हणून काळजी, वारा पडला की आता धुकं उतरणार म्हणून काळजी. तिचा नवरा टॉरमड म्हणायचा, "देवानं हिला झोप दिलीय ती दुसऱ्या दिवशीच्या काळजीला ताकद यावी म्हणून." ती हसायची नाही. पाहुण्यांना बेटाबेटांवरून पायी फिरवून आणणाऱ्या बाईनं निर्धास्त असावं, हेच तिला पटत नसे. हे लोक लंडनहून येतात, लीड्सहून येतात, नवे कोरे बूट घालून येतात आणि समुद्राकडे बागेतल्या तळ्याकडे बघावं तसं बघतात. त्यांच्या वाट्याची भीती कुणीतरी बाळगायला नको? ती मर्डिना बाळगायची. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या नॉर्थ युइस्ट बेटाच्या त्या सगळ्या किनाऱ्यावर तिच्याइतकी भित्री वाटाडी दुसरी नव्हती, आणि म्हणूनच तिच्याबरोबर गेलेलं माणूस परत येतं अशी तिची ख्याती होती.

एक गोष्ट मात्र ती करत नसे. ती माणसं मोजत नसे.

आमच्याकडे जुनी माणसं मोजतच नाहीत. होड्या परतताना बोट दाखवून मोजायच्या नाहीत, घरातली माणसं मोजायची नाहीत. मोजलं की समुद्राला आयता आकडा मिळतो आणि त्यातून एक वजा करणं त्याला सोपं जातं. मर्डिनाची आई पेगी या बाबतीत फार कडक. नवीन पाद्रीबुवा घरी आले, मुलं किती म्हणून विचारलं, की पेगी चुलीजवळच्या पाळण्यापासून सुरुवात करून एकेकाचं नाव घेत दारापर्यंत यायची. आकडा पाद्रीबुवांनी आपला आपण काढायचा. लेकरांपैकी कुणी होड्यांकडे बोट केलंच, तर त्या बोटावर फटका बसायचा.

सहली काढणारं ऑफिस मुख्य भूमीवर होतं. तिथली फियोना दर आठवड्याला फोनवर विचारायची, "प्रत्येक थांब्यावर माणसं मोजतेस ना, मर्डिना?"

"हो, हो," मर्डिना म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर टॉरमडला म्हणायची, "ही पोरगी माणसं म्हणजे बटाटे समजते."

मोजण्याऐवजी ती नावं घ्यायची. पहिल्याच दिवशी नावांची ओळ बांधायची आणि आठवडाभर मनातल्या मनात तीच म्हणायची. त्या आठवड्याची ओळ होती क्लाइव, बेरिल, जोन, व्हाउटर, मारायके. क्लाइव म्हणजे लीड्सचा निवृत्त सर्व्हेअर, सगळं ठाऊक असलेला. बेरिल आणि जोन या बहिणी, दिवसभर एकमेकींवर रुसलेल्या. व्हाउटर आणि मारायके हे डच जोडपं. सोमवारपासून ही ओळ तिच्या तोंडात स्तोत्रासारखी बसली होती. एक नाव घेतलं की पुढचं आपोआप यायचं.

गुरुवारी सकाळी फेरीबोटीनं एक बाई आली. आधीची बोट वाऱ्यानं रद्द झाली म्हणून तिला सहलीत उशिरा सामील व्हावं लागलं होतं. साठीची असेल, किडकिडीत, निळी पिशवी पाठीला, बोलणं हळू. त्या दिवशी ओरनसेला जायचं होतं. ओरनसे हे ओहोटीला वाळूवरून चालत गाठायचं आणि भरतीआधी सोडायचं बेट, आणि बोट उशिरा आल्यामुळे मर्डिनाचा जीव आधीच टांगणीला लागला होता. बाईनं नाव सांगितलं. मर्डिनाचं अर्धं लक्ष पाण्याकडे, अर्धं क्लाइवकडे. तो नेमका तेव्हाच, वाटेत संडासाची सोय काय म्हणून विचारत होता. तरी रीत म्हणून तिनं आमच्याकडे नवीन माणसाला विचारतात तेच विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"

बाई गोंधळली. "मी? मी कुणाचीच नाही. एकटीच आलेय."

"बरं, बरं," मर्डिना म्हणाली. टॉरमडनं तिची मोठी बॅग गाडीत टाकली आणि सगळे निघाले. सकाळी सांगितलेलं ते नाव मर्डिनाच्या कानापर्यंत पोचलं होतं. ओळीत त्याला जागा मिळाली नव्हती.

वाळूवर उतरण्याआधी तिनं रोजचा पाठ म्हणून दाखवला. "धुकं आलं तर जिथं असाल तिथं उभं राहायचं. एक पाऊलही टाकायचं नाही. मी एकेकाचं नाव घेईन. आपलं नाव ऐकू आलं की 'आलो' म्हणायचं आणि माझ्या आवाजाच्या रोखानं यायचं. नाव येईपर्यंत हलायचं नाही."

"आणि नाव यायच्या आत म्हातारे झालो तर?" क्लाइवनं विचारलं.

"तर म्हातारे होऊन उभे राहा," मर्डिना म्हणाली. "वाळवंट दिसतं ते, पण वाळवंट नाही. भरती समोरून येत नसते इथे. ती मागून येते, किनाऱ्याजवळच्या चरीतून. तुम्ही मधे कोरड्या वाळूवर उभे, आणि घरची वाट बंद."

नवी बाई मान हलवत नीट ऐकत होती. एवढं नीट कुणीच ऐकत नव्हतं.

ओरनसेवर सगळं सुरळीत झालं. सील दिसले, पडकं चर्च बघून झालं, बेरिल आणि जोन सँडविचवरून भांडल्या. मर्डिनाला एकही घास गेला नाही. ती सारखी आकाशाच्या पश्चिमेकडच्या कडेला बघत होती, आणि ती कडा मळत चालली होती. "चला," ती म्हणाली. "आत्ताच. चहा गाडीपाशी मिळेल."

"अजून भरपूर वेळ आहे," क्लाइव म्हणाला. "मी भरतीचं वेळापत्रक पाहिलंय."

"मग वेळापत्रकाला चहा पाजा. चला."

वाळूच्या निम्म्यावर आले असतील, तेवढ्यात धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं हळूहळू येत नाही. आत्ता समोरची टेकडी आहे, आत्ता नाही, आणि मग आपला हातही नाही. माणसं शिंपले वेचत, फोटो काढत पांगलेली. मर्डिनाच्या काळजाचा ठोका चुकला, पण पाय चुकले नाहीत. वाट दाखवणारी दगडांची रास गाठून ती तिथेच उभी राहिली आणि ओरडली, "जिथं असाल तिथं थांबा!"

मग तिनं ओळ धरली.

"क्लाइव!" आलो. "बेरिल!" आले. "जोन!" जोन पलीकडून म्हणाली, बेरिल आली असेल तर मीही आलेच. "व्हाउटर! मारायके!" दोघं हात धरून धुक्यातून बाहेर आली. ओळ पुरी झाली. इतकी वर्षं तिच्या छातीवरचा दगड याच क्षणी उतरायचा, तसा तो आजही उतरला. "पुढच्याच्या पिशवीला धरा आणि चला," ती म्हणाली, आणि एका राशीवरून दुसऱ्या राशीवर त्यांना नेत चरीपाशी आली. चरीत पाणी घोट्याएवढं आलं होतं. पलीकडे टॉरमडच्या गाडीचे दिवे दिसले आणि बेरिल चक्क रडली.

टॉरमड चहा ओतत होता. एकेकाच्या हातात कप देत गेला, आणि शेवटचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"ती सकाळची कुठेय?"

"कोण सकाळची?" मर्डिनानं विचारलं, आणि विचारता विचारता तिला कळलं.

"निळ्या पिशवीवाली गं. बॅग मीच उचलली तिची."

क्लाइवनं बोट पुढं केलं आणि मोठ्यानं मोजायला लागला. "एक, दोन, तीन..."

"बोट खाली!" टॉरमड खेकसला. त्याच्या तोंडून ते आपसूक निघालं. क्लाइवचं बोट तसंच राहिलं. "सकाळी आपण सहा होतो," तो म्हणाला. "आता पाच आहोत." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच शहाणपणा नव्हता.

मर्डिना चरीकडे वळली. फोनला तिथे रेंज नसते. ती टॉरमडला म्हणाली, "तू वर टेकडीवर जा, तटरक्षकांना कळव. मी जाते."

"अगं, चरीत पाणी आलंय."

"म्हणूनच जाते."

"मर्डिना, मी जातो, तू..."

"वाट तुला धुक्यात नाही सापडायची. जा म्हणते ना!"

तो टेकडीकडे पळाला. चरीतलं पाणी आता गुडघ्याला लागत होतं. इतकं गार की पाय आपले राहत नाहीत. पलीकडे वाळू अजून कोरडी होती, पण कोरड्या वाळूचा तिला भरवसा नव्हता. पहिली रास सापडली. दुसरी सापडेना. मग पायाला लागली. ती थांबली, छातीत हवा भरून घेतली, ओरडायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

काय ओरडणार? तिला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं.

क्लाइव, बेरिल, जोन, व्हाउटर, मारायके. मूर्खासारखी तीच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. तिनं बोटीचा धक्का आठवला, वारा आठवला, क्लाइवचा संडास आठवला. बाईचे ओठ हललेले आठवले, नाव आठवेना. "अहो बाई!" ती ओरडली. "निळी पिशवी! अहो! मी मर्डिना!" धुक्यानं तो आवाज गिळून टाकला. कान देऊन ऐकलं तर नुसती पाण्याची कुजबुज, आणि ती सगळीकडून. "देवा, हिला जिवंत ठेव," ती म्हणाली, "मला काय पाहिजे ते कर, पण हिला ठेव." ती पळायला लागली, आणि तिनंच इतकी वर्षं सगळ्यांना बजावलं होतं की धुक्यात पळायचं नाही. रास सुटली. पायाखाली पाणी पसरायला लागलं, इतकं पातळ की वाळूच ओली दिसावी. ती परतली नसती तर दोघींना शोधायला वाट जाणणारं कुणी उरलं नसतं.

आणि मग ती एकदम दिसली. ताठ उभी होती. पिशवी पाठीला, हात पिशवीच्या पट्ट्यांत, बूट पाण्यात. गाडीची वाट बघत थांब्यावर उभं राहावं तशी.

मर्डिनाचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी संताप उसळला. तिनं बाईचा दंड धरून गदागदा हलवला. "आवाज का दिला नाहीत? का आला नाहीत? पाणी दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," बाई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तुम्ही नावं घेत होतात तेही ऐकू येत होतं. सगळ्यांची आली. माझं काही आलं नाही. नाव येईपर्यंत हलायचं नाही म्हणाला होतात ना. म्हणून थांबले."

मर्डिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायला वेळही नव्हता. "तुमचं नाव काय?" तिनं विचारलं.

"हेस्टर."

"चला, हेस्टर."

त्या चालल्या. मर्डिनानं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की पुढे कितीतरी दिवस तिथं वळ होता. एक रास सापडली की ती म्हणे "हेस्टर," आणि मागून उत्तर येई "आहे." चरीत पाणी कमरेच्या वर गेलं होतं आणि ओढ होती. हेस्टरचा पाय सुटला, मर्डिनानं तिला पिशवीला धरून ओढलं, दोघी एकदा पाण्याखाली जाऊन वर आल्या. "हेस्टर!" "आहे!" पलीकडे व्हाउटर आणि क्लाइव कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. त्यांनी हात दिले.

गाडीत बहिणींनी आपापले कोट हेस्टरच्या अंगावर घातले, आणि कुणाचा कोट जास्त उबदार यावरून त्यांचं चालू झालं. टॉरमड टेकडीवरून परत आला, आत डोकावून बघितलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मागच्या बाकावरून क्लाइव हलक्या आवाजात मोजत होता. या वेळी त्याला कुणी बोट खाली कर म्हणालं नाही.

मर्डिना हेस्टरच्या शेजारी बसली होती, अंगावरून पाणी निथळत. माफी मागायची होती. "मी तुमचं नाव घ्यायला विसरले," ती कशीबशी म्हणाली. "मी. इतकी वर्षं... मी कधी कुणाला विसरत नाही."

हेस्टरनं आपला गार हात तिच्या हातावर ठेवला. तिला खरंच मर्डिनाची दया आली असावी.

"एवढं मनाला लावून घेऊ नका हो," ती म्हणाली. "मला सवय आहे."

मर्डिनाला रडू फुटलं. ती बेरिलसारखी नीट रडली नाही, तोंडात ओला रुमाल कोंबून रडली. टॉरमडनं गाडी चालू केली, गाव आलं, बाकीचे उतरून गेले, तरी तिला ते थांबवता येईना.