डावीकडे दिल्ली

माझ्या बायकोच्या मामांइतका निःपक्षपाती माणूस सबंध पनवेलमध्ये नसेल आणि त्यांच्याइतका त्रासदायकही नसेल. खांदा कॉलनीत ते आमच्या समोरच्याच इमारतीत राहतात. केस एका सलूनमध्ये कापतात आणि दाढी दुसऱ्या सलूनमध्ये करतात, कारण ‘सगळं डोकं एकाच्या हातात देऊ नये.’ सकाळचं दूध एका डेअरीचं, संध्याकाळचं दुसरीचं. आपटा गावातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, निम्म्या अक्षता वधूपक्षाकडून टाकाव्यात म्हणून ते वरपक्षातून उठून निघाले आणि थेट अंतरपाटात अडकले.

पण या निःपक्षपातीपणाला खरा बहर येई तो निवडणुकीत. पूर्वी लोकसभेचं आणि विधानसभेचं मतदान एकाच दिवशी झालं, तेव्हाही मामांनी एक मत एका पक्षाला दिलं आणि दुसरं त्याच्या विरोधकाला. “दिल्ली आणि मुंबई एकाच घरात दिली की साटंलोटं होतं, जावईबापू,” ते मला सांगत. “तिकडे लेक रुसली की इकडे सून माहेरी निघते.” पुढे दोन निवडणुकांमध्ये काही महिन्यांचं अंतर पडू लागलं, पण साटंलोटं टाळण्याचा नेम चुकला नाही. मामींनीही असंच मत द्यावं, म्हणून प्रत्येक लोकसभेच्या आधी जेवणाच्या टेबलावर शिकवणी होई. एक वाटी ताकाची, एक आमटीची. ताक म्हणजे एक पक्ष, आमटी म्हणजे दुसरा. “डावीकडची दिल्ली, उजवीकडची मुंबई. लक्षात राहील?” मामी मान डोलवत. आपल्या घरातून राज्याला तोलून मापून कौल जातो, याचा मामांना फार अभिमान होता.

एकदा मी या शिकवणीला हजर होतो. मला हिशेबाची खोड. मी मामींना विचारलं, “मग दिल्लीला कोण?”

“आमटी,” मामी म्हणाल्या. “दरवेळी हे डावीकडे आमटीच ठेवतात.”

मामा तर दिल्लीला ताक देत होते! मामी समोर बसत, त्यामुळे मामांचं डावं ते त्यांचं उजवं. मी तिथेच बेरीज मांडली: दिल्लीला ताक एक, आमटी एक, मुंबईलाही तसंच. म्हणजे इतकी वर्षं हे जोडपं उन्हात रांग लावून एकमेकांची मतं खोडत आलं होतं.

मामांचा घास हातातच राहिला. “म्हणजे माझं मत कधी मोजलंच गेलं नाही?”

“माझंही नाही गेलं, मी काही बोलले का?” मामी म्हणाल्या. “एकदा माझ्या खुर्चीवर बसून बघा, म्हणजे कळेल.”

मामा बसले नाहीत. पण गेल्या लोकसभेलाही त्यांनी वाट्या तशाच मांडल्या आणि मामींना खुर्ची हलवायला सांगितलं नाही.

विधानसभा येण्याआधीच मामी गेल्या. आता पहिल्यांदाच मामांचं मत खोडणारं कुणी नव्हतं. मतदानाच्या सकाळी त्यांना न्यायला गेलो, तर टेबलावर दोन वाट्या मांडलेल्या, एकीत ताक, दुसरीत आदल्या दिवशीची आमटी, आणि मामा मामींच्या खुर्चीवर बसलेले.

“चला, मामा. यंदा तुमचं मत मोजलं जाणार.”

“माझं कसलं, जावईबापू?” वाट्यांवरची नजर न काढता ते म्हणाले. “हिचं मुंबईचं द्यायचं राहिलंय.”