अप्पांनी अडवलेलं पाणी

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयात स्टेंट आहे. जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना लेहला जायची परवानगी दिली ती एकाच अटीवर: हवा विरळ, तेव्हा पोचल्यावर दोन दिवस पडून राहायचं. अप्पांनी मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो, हे मी लेक असून विसरले.

लेहला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून पाहते तर त्यांचं अंथरूण रिकामं. फोन उशाशीच, आणि तसंही आमची प्रीपेड सिमं तिथे मुकीच होती. बाहेर उघडेबोडके डोंगर, खाली सिंधू, आणि अप्पांचा पत्ता नाही. वाळवंटातले डोंगर बघू, नदीत बोटीतून जाऊ, हे सगळं खूळ माझंच होतं.

तेवढ्यात आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण फावडं घेऊन बाहेर आली. आज पाण्याची पाळी तिची, पण वाफ्यात येणारं पाणी मधेच बंद पडलं, असं ती हिंदीत कुरकुरली आणि पाटाच्या कडेनं वर निघाली. आमच्या गावी, जाफराबादला, पाणी वाया जाताना दिसलं, तर शेत कुणाचं का असेना, अप्पा जेवत्या ताटावरून उठतात. मी तिच्या पुढे पळत सुटले.

अप्पा वरच होते. कानाला मफलर, पायजमा गुडघ्यापर्यंत, हात चिखलानं भरलेले. बाईनं शेतासाठी मुद्दाम फोडलेला पाट त्यांनी दगडमातीनं पक्का बुजवला होता.

"पाणी वाया चालल्तं," ते म्हणाले. "झोपून कसं राह्यचं मंग?"

त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी तोंड उघडलं, पण पळून पळून माझाच श्वास अडकला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाईनं हसत हसत पाट पुन्हा मोकळा केला. मग दोघांनी मला धरून घरी आणलं. अप्पांसाठी घेतलेला ऑक्सिजनचा डबा माझ्या नाकाला लागला. त्यांचा हात घट्ट धरून मी रडले. इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं.

जरा बरं वाटल्यावर मी उठायला लागले, तर अप्पांनी खांदा दाबून मला परत निजवलं.

"दोन दिवस पडून राह्यचं," ते म्हणाले. "डॉक्टरनं काय सांगितल्तं?"